शिळा ऊस आणि भोवलेली फवारणी : दोन्हींच्या मुळाशी एकच कुलूप



गेल्या उन्हाळ्यात गळीत हंगाम आटोपला आणि कारखान्याच्या कामासाठी आम्ही मुंबईला निघालो. बरोबर आपले एक सभासद होते. त्यांचे थोरले भाऊ पनवेलजवळ कोनला राहतात. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने २०१६ साली जी सोडत काढली, तीत त्यांचा नंबर लागला. रात्रीचा मुक्काम त्यांच्याकडेच केला. कोन म्हणजे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतचे गाव. मूळची सारी भातशेती. आता चहूबाजूंनी उंच इमारती, आणि रात्रभर मालमोटारींची घरघर. आम्ही घाटावरची माणसे, उसाच्या फडात वाढलेली. सातव्या मजल्याच्या खिडकीतून खाली बघताना अंमळ गरगरलेच.

जेवणे झाल्यावर गप्पा निघाल्या. आबांनी (घरात सगळे त्यांना आबाच म्हणतात) खिडकीतून अंधारात बोट दाखवले. "ह्यो रस्ता सावळ्यावरनं रसायनीला जातो. तिकडं सरकारी औषधाचा कारखाना. मॅलॅथिऑन, डीडीटी व्हायचं तिथं. ह्या औषधानं आमचा एकदा जीव घेतला व्हता म्हणा ना!"

मग त्यांनी हकिगत सांगितली. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला आणि आबा गावी परतले. दोन-तीन वर्षे शेती बघितली. एका दुपारी उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून पिकावर औषध मारले. कसले औषध होते ते त्यांना आता आठवत नाही. लाल खुणेची बाटली होती एवढेच आठवते. पंप पाठीवर गळत होता. संध्याकाळी घाम थांबेना, तोंडाला फेस, पोटात मुरडा, डोळ्यांपुढे धुके. बैलगाडीत घालून तालुक्याला नेले. डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात डोळे बघितले आणि म्हणाले, "बाहुली मोहरीएवढी झालीय, औषध बाधलंय." रात्रभर इंजेक्शने चालली. सकाळी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी सांगितले, "तुमच्या अंगातलं एक कुलूप त्या औषधानं बंद पाडलं होतं."

"ते कसलं कुलूप, हे काय मला आजवर कुणी सांगितलं न्हाई," आबा म्हणाले.

तेवढ्यात धाकटे भाऊ, म्हणजे आपले सभासद, आपली तक्रार घेऊन बसले. "आमचा ऊस तोडून तीन दिवस फडात पडला. टोळी तोडून गेली, वाहनच आलं न्हाई. त्यो बी असाच आतल्या आत सडतो का? वरनं तर हिरवाच दिसतो."

प्रश्न दोन; पण उत्तर एकाच दारातून जाते. परत आल्यावर कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसून आणि पुस्तके चाळून आम्ही जे समजून घेतले, ते सर्व सभासदांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

एन्झाइम म्हणजे काय?

शाळेच्या पुस्तकात याला विकर म्हणतात. बोलण्यात आपण एन्झाइमच म्हणू. प्रत्येक सजीवाच्या पेशीत, मग तो ऊस असो, हुमणी असो, बैल असो की माणूस, हजारो कामे एकाच वेळी चालू असतात. कुठे साखर फोडायची, कुठे प्रथिन बांधायचे, कुठे निरोप पोचवायचा. यातले बहुतेक प्रत्येक काम करायला एक-एक खास गडी नेमलेला असतो. तो म्हणजे एन्झाइम. बहुतेक एन्झाइमे ही प्रथिनेच असतात. काम करताना ती स्वतः खर्ची पडत नाहीत. एक काम संपले की दुसऱ्याला मोकळी.

एन्झाइमच्या अंगावर एक खाच असते. ज्या पदार्थावर काम करायचे तोच त्या खाचेत नेमका बसतो. एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९४ साली याला कुलूप-किल्लीची उपमा दिली, ती अजून टिकून आहे. पुढच्या संशोधनाने एवढे दाखवले की हे कुलूप लोखंडासारखे ताठ नसते. किल्ली आत शिरताना ते थोडे आवळते, थोडे वळते.

आणि मजा अशी, की एन्झाइमचे काम मोजण्याचे शास्त्र ज्या पदार्थावर उभे राहिले, तो आपलाच : साखर. १९१३ साली बर्लिनमध्ये लिओनोर मिकेलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉ. मॉड मेंटन यांनी यीस्टमधले इन्व्हर्टेज नावाचे एन्झाइम साखरेच्या द्रावणात घातले आणि साखर किती वेगाने फुटते ते मोजले. मोजायचे साधन कोणते? पोलॅरिमीटर! आपल्या प्रयोगशाळेत रसाचा पोल काढतात तेच. उसाची साखर उजेडाला उजवीकडे वळवते. ती फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाले, की त्यांचे मिश्रण उजेडाला डावीकडे वळवते. उजव्याचे डावे होते, उलटते, म्हणून त्या क्रियेला इन्व्हर्शन आणि तिच्या एन्झाइमला इन्व्हर्टेज हे नाव पडले. आपल्या केमिस्टचे रोजचे काम आणि जगभर शिकवला जाणारा तो सिद्धान्त, दोन्ही एकाच नळीतून बघितलेले आहेत.

रोधक तीन तऱ्हेचे

आता एन्झाइमच्या कामात अडथळा आणणारा पदार्थ म्हणजे रोधक. तो समजायला आपला वजनकाटा आणि गव्हाण डोळ्यांपुढे आणा.

पहिली तऱ्हा. काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग आहे. तीत कुणी वरून वाढे पसरलेल्या, पण आतून रिकाम्या गाड्या घुसवल्या. लांबून त्या उसाच्याच दिसतात. काट्यावर चढतात, जागा अडवतात, वजन काहीच न देता उतरतात. तेवढा वेळ खऱ्या गाड्या खोळंबतात. हा स्पर्धक रोधक. तो खऱ्या किल्लीसारखा दिसतो, म्हणून खाचेत शिरतो. याच्यावर इलाज एकच : खऱ्या गाड्या इतक्या वाढवा की रिकाम्या त्यांच्यात हरवून जातील. प्रयोगशाळेतही तसेच होते. मूळ पदार्थ भरपूर वाढवला, तर स्पर्धक रोधकाचा जोर जवळजवळ नाहीसा होतो.

दुसरी तऱ्हा. गाड्यांची रांग ठीक आहे, काटा मोकळा आहे. पण गव्हाणीच्या साखळीत कुणीतरी दगड अडकवला. आता दारात शंभर गाड्या आणा की पाचशे, गव्हाण आपल्या मंद गतीनेच चालणार. हा अस्पर्धक रोधक. तो खाचेत बसत नाही, दुसऱ्याच ठिकाणी चिकटतो आणि एन्झाइमची चालच बिघडवतो. मूळ पदार्थ वाढवून इथे उपयोग नाही. दगडच काढावा लागतो.

तिसरी तऱ्हा सर्वांत वाईट. कुणीतरी फाटकच वेल्डिंग करून टाकले. दगड काढता येतो, पण वेल्डिंग निघत नाही. नवे फाटक घडवावे लागते. हा कायमचा रोधक. शरीरात असे झाले तर नवी एन्झाइमे तयार होईपर्यंत वाट बघावी लागते, आणि तिला दिवस, कधी कधी आठवडे लागतात. आबांच्या अंगात झाले ते हेच.

आणखी एक घरगुती प्रकार आहे. गिरणीच्या मागच्या बाजूला बगॅस उचलला नाही, ढीग साठला, तर पुढे गाळपही मंदावते. तसेच इन्व्हर्टेजने फोडून तयार केलेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज साठू लागले की ते इन्व्हर्टेजलाच थोडे अडवतात. मिकेलिस-मेंटन यांनी हेही १९१३ सालीच मोजले होते. पण या भरवशावर तोडलेला ऊस वाचत नाही, हे पुढे दिसेल.

उसाच्या पोटातले इन्व्हर्टेज

ऊस कोवळा असतो तेव्हा त्याला वाढायचे असते. पानांनी केलेली साखर कांडीत येते, आणि इन्व्हर्टेज ती फोडून वाढीला लावते. म्हणून कोवळ्या उसात आणि शेंड्याच्या कांड्यांत इन्व्हर्टेज जोरात असते. थंडी पडली, पाणी आणि नत्र कमी झाले, वाढ थांबली, की या एन्झाइमचा जोर ओसरतो आणि साखर कांडीत साठू लागते. यालाच आपण ऊस पक्व झाला म्हणतो. उशिरा युरिया टाकून आणि तोडणीच्या तोंडावर पाणी देऊन ऊस हिरवागार ठेवला, तर वजन भरते असे वाटते. पण आत इन्व्हर्टेजला पुन्हा काम मिळते.

आता कोयता लागला. मुळापासून ऊस तुटला तरी पेशी लगेच मरत नाहीत. त्या श्वास घेत राहतात, पाणी उडत राहते आणि साठवलेली साखर फोडायला इन्व्हर्टेज पुन्हा जागे होते. जितका उन्हाळा कडक, तितकी ही क्रिया जोरात. शिवाय तोडलेल्या तोंडातून ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू आत शिरतात. त्यांच्याजवळ त्यांचे वेगळे एन्झाइम असते. ते साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवते. डेक्स्ट्रान वाढले की रस घट्ट होतो, गाळण मंदावते, दाणा नीट पडत नाही, लांबट सुयांसारखा होतो. जळालेल्या उसात हे फार लवकर घडते, कारण आगीने साल तडकलेली असते.

म्हणून ऊस वरून हिरवा दिसला तरी आतून बिघडलेला असतो. फुटलेल्या साखरेचे ग्लुकोज-फ्रुक्टोज कारखान्यात दाणा धरत नाही. ते मळीत जाते, आणि जाताना चांगल्या साखरेलाही बरोबर ओढून नेते.

याचा हिशेब करून बघा. समजा, शिळ्या उसामुळे उतारा अर्ध्या टक्क्याने घसरला. एक टन उसामागे पाच किलो साखर गेली. ऐकायला किरकोळ वाटते. पण एक लाख टन गाळपावर तीच साखर होते पाच हजार क्विंटल! आणि एफआरपी ठरते ती कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. म्हणजे ज्याचा ऊस तीन दिवस पडला त्याचेच नुकसान होते असे नाही. ज्याने सकाळी तोडून दुपारी आणून टाकला, त्याच्याही दरातून ते कापले जाते. सहकारात फायदा सगळ्यांचा, तसा शिळा ऊसही सगळ्यांचाच.

मग रोधक घालून ऊस ताजा ठेवता येईल का?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेत यावर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. इन्व्हर्टेजला आवरणारा सोडियम मेटासिलिकेट आणि जिवाणू मारणारे बेन्झाल्कोनियम क्लोराइड यांचे द्रावण तोडलेल्या उसावर फवारून वर पाचटाचा थर दिला, तर साखर फुटण्याचे प्रमाण कमी होते, असे तेथे आढळले. एन्झाइमला रोधक आणि जिवाणूला विष, असा दुहेरी बंदोबस्त. वनस्पती स्वतःही असे रोधक बनवतात. बटाट्यात इन्व्हर्टेजला लगाम घालणारे एक प्रथिन असते.

तथापि आपल्या सभासदांनी यावर विसंबून बसू नये. सर्वांत स्वस्त रोधक म्हणजे वेळ. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला, तर यातले काहीच करावे लागत नाही.

कारखान्यात काय करतात तेही सांगतो. उसाचा रस मुळात आंबट, त्याचा सामू पाच-साडेपाचच्या आसपास. इन्व्हर्टेजचा मुख्य प्रकार नेमका याच आंबटपणात सुखाने काम करतो. म्हणून रस काढल्याबरोबर तापवायचा आणि त्यात चुन्याची निवळ घालून सामू सातवर आणायचा. उष्णतेने एन्झाइमची घडी मोडते आणि चुन्याने आंबटपणा मरतो. गंमत म्हणजे मिकेलिस-मेंटन यांनीही प्रयोगातली क्रिया थांबवायला अल्कच वापरला होता, सोडा. आपण चुना वापरतो. गुऱ्हाळावर आजोबा-पणजोबा काहिलीत चुना टाकीत आले, त्यामागचे एक कारण हेच.

पण चुना फक्त उरलेली साखर वाचवतो. फडात फुटलेली साखर कुठलाही चुना परत जोडून देत नाही.

आता आबांचे कुलूप

आपल्या अंगात मेंदूपासून स्नायूपर्यंत निरोप जातो, तो वाटेत ठिकठिकाणी अॅसिटिलकोलीन नावाच्या पदार्थाने पुढे ढकलला जातो. निरोप पोचला, स्नायू आवळला, की तो पदार्थ ताबडतोब पुसून टाकला पाहिजे; नाहीतर स्नायू आवळलेलाच राहील. हे पुसण्याचे काम अॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम करते. त्याचा वेग असा, की एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू फोडतो.

मॅलॅथिऑन, क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही सारी एका घराण्यातली औषधे : ऑर्गॅनोफॉस्फरस. ती, किंवा अंगात त्यांच्यापासून बनणारे पदार्थ, या एन्झाइमच्या खाचेत जातात आणि तिथे फॉस्फरसची गाठ मारतात. फाटक वेल्डिंग झाले. मग निरोप पुसला जात नाही. किडीचे पाय थरथरतात, ती उलटी पडते आणि मरते. माणसात घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, मुरडा, जुलाब, बारीक झालेली बाहुली, स्नायूंची फडफड, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. कुलूप किडीचे आणि माणसाचे जवळजवळ सारखेच आहे. फरक आहे तो मात्रेचा, आणि औषध अंगात गेल्यावर शरीर त्याचे काय करते याचा.

कार्बोफ्युरानसारखी कार्बामेट औषधेही हेच कुलूप अडवतात. पण त्यांची गाठ काही तासांत आपोआप सुटते. म्हणून ती सौम्य समजायची असे मात्र नाही. तेवढ्या तासांतही जीव जाऊ शकतो.

डॉक्टर देतात ती अॅट्रोपीनची इंजेक्शने एन्झाइम मोकळे करीत नाहीत. साठलेला निरोप जिथे जाऊन आदळतो, ती दारे ते औषध झाकून ठेवते. प्रॅलिडॉक्सिम नावाचे दुसरे औषध प्रत्यक्ष गाठ सोडवू शकते. पण गाठ जुनी होऊन पक्की व्हायच्या आत दिले तरच. म्हणून इथे तासातासाची किंमत आहे. ऊस असो की माणूस, उशीर हाच वैरी.

राखणदार पडला तर

मॅलॅथिऑन हे या घराण्यातले त्यातल्या त्यात सौम्य समजतात. कारण माणसाच्या अंगात कार्बोक्सिलएस्टरेज नावाचे दुसरे एक एन्झाइम राखणदार म्हणून उभे असते. ते मॅलॅथिऑन चटकन फोडून निकामी करते. किडीजवळ हा राखणदार कमजोर असतो, म्हणून कीड मरते आणि माणूस वाचतो.

पण १९७६ साली पाकिस्तानात काय घडले ते बघा. हिवतापाच्या मोहिमेत मॅलॅथिऑन फवारणाऱ्या सुमारे साडेसात हजार कामगारांपैकी अंदाजे २८०० जणांना विषबाधा झाली आणि पाच जण दगावले. चौकशीत दिसले, की औषधात आयसोमॅलॅथिऑन नावाची अशुद्धता वाढली होती. हा पदार्थ राखणदार एन्झाइमचाच रोधक! राखणदार पडला आणि सौम्य औषध जहाल झाले. अशी अशुद्धता उष्णतेत साठवणूक झाली की वाढते.

यातून आपण काय घ्यायचे? पत्र्याच्या शेडमध्ये, चैत्र-वैशाखाच्या उन्हात, वर्षानुवर्षे पडलेली अर्धी बाटली "औषध जुनं झालं, जोर गेला असंल" म्हणून दुप्पट मात्रेने मारणारे लोक आपल्यातही आहेत. जोर गेला असेल किडीवरचा; माणसावरचा वाढलेलाही असू शकतो.

आपल्या राज्याला याची आठवण फार लांबची नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जीव गेले. तिथे वापरात असलेल्या औषधांत या घराण्यातली मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस होती. कपाशी डोक्याएवढी उंच, वारा पडलेला, अंगावर साधा सदरा. उसाच्या फडात याहून वेगळे काय असते? उलट आपला ऊस माणसाहून उंच असतो.

रोधक शत्रू-मित्र ओळखत नाही

२००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रभर पसरला, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. घाबरून अनेकांनी धुरळणी-फवारणी केली. पण माव्याला खाऊन शेवटी आटोक्यात आणला तो डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी. त्यांच्याही अंगात तेच कुलूप असते. जिथे औषध मारले तिथे मावा मेला, मित्रही मेले. आणि मावा परत आला तेव्हा त्याला खायला कुणी उरले नव्हते.

हुमणीसाठी आपल्याकडे सर्रास टाकले जाणारे फोरेट याच घराण्यातले. त्याच्या विक्रीवर आणि वापरावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. घरात जुनी पिशवी उरली असेल तर ती वापरू नये, आणि ओढ्या-विहिरीतही टाकू नये; कृषी विभागाला विचारून विल्हेवाट लावावी. हुमणीचे भुंगेरे पहिल्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर येतात. प्रकाश सापळे लावून आणि गावाने मिळून ते गोळा केले, तर पुढचे अर्धे काम होते.

रोधक म्हणजे विषच, असे मात्र समजू नये. आपल्या घरात आई-वडील रक्तदाबाची जी गोळी घेतात, तिच्यातले कितीतरी प्रकार एन्झाइमचे रोधकच आहेत. अॅस्पिरिनही रोधक. नेमके कुलूप, नेमकी मात्रा आणि नेमकी वेळ जमली की औषध. तीच चुकली की विष.

सभासदांनी काय करावे

तोडणीबाबत :

१. तोडणीआधी वाहन पक्के करा. वाहनाचा ठिकाणा नसताना फड पाडू नका. मुकादम घाई करीत असेल तर गट ऑफिसला कळवा.

२. ऊस जमिनीलगत तोडा आणि शेंड्याची कोवळी कांडी वाढ्याबरोबर काढून टाका. तळाला साखर जास्त, शेंड्याला इन्व्हर्टेज जास्त.

३. काही कारणाने ऊस राहिलाच, तर मोळ्या सावलीत रचून वर पाचट टाका आणि पाणी शिंपडा. उघड्या उन्हात पसरून ठेवू नका.

४. तोडणीपूर्वीचे पाणी वेळेवर तोडा आणि उशिरा नत्र देऊ नका.

५. जळालेला ऊस सर्वांत आधी गेला पाहिजे. त्यासाठी शेजाऱ्याने आपली पाळी एक दिवस पुढे ढकलली, तर तो उपकार नव्हे. आपल्याच सरासरी उताऱ्याची राखण आहे.

फवारणीबाबत :

१. बाटलीवरच्या चौकोनाचा रंग बघा. लाल अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. मात्र हिरव्यालाही हात धुवावेच लागतात.

२. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. पंप गळका नको. वाऱ्याला पाठ करून फवारा. दोन औषधे मनाने एकत्र करू नका.

३. फवारताना तंबाखू, बिडी, भाकरी काही नाही. काम झाल्यावर साबणाने आंघोळ, आणि कपडे वेगळे धुवा. ते धुणाऱ्या घरच्या बाईच्या हातालाही औषध लागते, हे विसरू नका.

४. घाम, लाळ, अंधारी, मुरडा यांपैकी काही दिसले तर माणसाला शेताबाहेर काढा, कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. बाटली बरोबर न्या. डॉक्टरांना नावावरून इलाज ठरवता येतो. दूध, तूप, मिठाचे पाणी पाजण्यात वेळ घालवू नका.

५. जे गडी हंगामभर फवारणीचेच काम करतात, त्यांच्या रक्तातले कोलिनएस्टरेज हंगामापूर्वी आणि नंतर तपासून घेता येते. एन्झाइम किती उरले आहे हे बाधा होण्याआधीच कळते. फवारणी गट करताना सभासदांनी ही सोय मागून घ्यावी.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही आबांना हे सारे थोडक्यात सांगितले होते. बाकीचे या लेखातून त्यांच्यापर्यंत पोचेल. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "म्हंजी डॉक्टरनं मला नवं कुलूप न्हाई दिलं. नवं कुलूप अंगानंच केलं, डॉक्टरनं तवर दार धरून ठेवलं." आम्हाला याहून सोपे सांगता आले नसते.

मग धाकट्या भावाकडे वळून म्हणाले, "माझं कुलूप परत झालं, कारण मी जिता व्हतो. तुझ्या उसाची साखर फुटली ती काय परत व्हायची न्हाई. तवा येत्या हंगामाला आदी गाडी बघ, मग कोयता लाव."

येत्या हंगामात पहिली मोळी गव्हाणीत पडेल तेव्हा आबांचे हे बोलणे सर्व सभासद बंधू-भगिनींनी ध्यानात ठेवावे, एवढीच आमची विनंती.